पूज्य पक्षी आणि बालशिक्षणातील संवर्धनविचार : मराठी लोकपरंपरेची एक चिकित्सा

प्रस्तावना

पक्ष्यांविषयीची पूज्यभावना जगातील बहुतेक लोकसंस्कृतींत आढळते. मराठी लोकजीवनही त्याला अपवाद नाही. आई बाळाला घास भरवते तो काऊ-चिऊच्या नावाने. घरातील वडीलधारे माणूस गेले की दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते. दसऱ्याच्या दिवशी नीलपंखाचे दर्शन शुभ मानले जाते आणि मृगाच्या तोंडावर मराठवाड्यातील शेतकरी पावश्याच्या हाकेत पेरणीची आज्ञा ऐकतो. या भावनेचा आधार घेऊन मुलांना निसर्गसंवर्धनाचे शिक्षण द्यावे, असा विचार शैक्षणिक लेखनातून वारंवार मांडला जातो. 'आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांना देवत्व दिले, म्हणून पक्षी वाचले' हे विधान तर आता जवळजवळ सिद्धान्ताच्या पदवीला पोहोचले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर सक्तीचा करण्याचे निर्देश दिले आणि २००३ साली त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश दिले. त्यानंतर हा विषय अभ्यासक्रमात स्थिरावला. त्यामुळे मुलांना पक्षी शिकवावा की नाही हा प्रश्न आज उरलेला नाही. तो कोणत्या वाटेने शिकवावा, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. पूज्यभावनेची वाट किती अंतरापर्यंत जाते आणि कोठे थांबते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१. मराठी लोकपरंपरेतील पूज्य पक्ष्यांच्या कथा व विधी यांमधील निसर्गज्ञानाचे स्वरूप तपासणे.
२. पूज्यभावना आणि प्रत्यक्ष संवर्धन यांतील संबंध व विसंगती स्पष्ट करणे.
३. नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या सामाजिक संदर्भात बालशिक्षणासाठी या परंपरेची उपयुक्तता व मर्यादा मांडणे.

कावळा : घरात पितर, कायद्यात उपद्रवी

मराठी संस्कृतीतील सर्वांत जवळचा पूज्य पक्षी कोणता, असे विचारले तर उत्तर कावळा असेच द्यावे लागेल. भाद्रपदाच्या वद्य पक्षात त्याला आग्रहाने बोलावून जेवू घातले जाते. ज्ञानदेवांच्या नावावरील प्रसिद्ध विरहिणीत त्याचे ओरडणे पंढरीच्या पाहुण्याच्या आगमनाचा शकुन ठरते. तरीही या पक्ष्याकडे पाहण्याची मराठी दृष्टी एकसंध नाही. मृत्यूनंतर ज्याची प्रतीक्षा होते, तोच इतर वेळी अंगणातून हाकलला जातो. त्याचा स्पर्श अशुभ मानला जातो आणि त्याचा रंग व आवाज निंदेच्या उपमेसाठी वापरला जातो.

हीच दुविधा कायद्यातही दिसते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये मोराला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, तर साध्या कावळ्याला पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उंदीर-घुशींसोबत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकण्यात आले. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूचीच रद्द केली आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. म्हणजे सुमारे पन्नास वर्षे ज्या पक्ष्याला समाज पितरांचे रूप मानत होता, त्याला मारण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. या काळात या विसंगतीविषयी समाजात फारशी खळबळ उडाली नाही. श्राद्धातील कावळा आणि झाडावरचा कावळा हे दोन वेगळे पक्षी आहेत, अशीच जणू सर्वांची समजूत होती. पूज्यता विधीपुरती उरते तेव्हा ती पक्ष्याच्या जीविताशी नाते सांगत नाही, याचा हा ठळक पुरावा होय.

शेणाचे घर, मेणाचे घर

मराठी मुलाला पहिल्यांदा भेटणारी पक्षिकथा काऊ-चिऊची. या कथेचे वय थक्क करणारे आहे. तेराव्या शतकातील 'लीळाचरित्र' या मराठीच्या आद्य गद्यग्रंथात ती आढळते. तेथे कावळ्याच्या जोडीला 'साळै' आहे, परंतु एकाचे घर शेणाचे व दुसरीचे मेणाचे हा गाभा तोच आहे. सातशे वर्षांहून अधिक काळ एक गोष्ट मुलांच्या कानी पडत राहावी, ही कोणत्याही भाषेला भूषणावह गोष्ट आहे.

तथापि संवर्धनाच्या दृष्टीने ही कथा वाचली असता काही प्रश्न उपस्थित होतात. कथेत कावळा निष्काळजी व आगंतुक आहे, चिमणी कष्टाळू व गृहकृत्यदक्ष आहे. पावसात शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा दाराशी येतो. चिमणी बाळाच्या अंघोळीची, तीट-काजळाची कारणे सांगून त्याला ताटकळत ठेवते. ही कथा पक्ष्यांची नाही, माणसांच्या घरांची आहे. शेणाने सारवलेले घर आणि पावसाची भीती हे शेतकरी कुटुंबाचे अनुभवविश्व तिच्यात उतरले आहे. तिचे वाङ्मयीन मोल तेथेच आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

अडचण येते ती ही कथा निसर्गशिक्षण म्हणून वर्गात आणली जाते तेव्हा. प्रत्यक्षात कावळा झाडाच्या दुबेळक्यात काटक्यांचे, अलीकडे तारांचे तुकडेही गुंफून, स्वतःचे घरटे बांधतो. चिमणी मात्र माणसाच्या घरातील फटी, वळचणी व वासे यांच्या आधाराने राहते. म्हणजे 'दुसऱ्याच्या घरी आसरा मागणारा' पक्षी वास्तवात कावळा नसून चिमणी आहे. ज्या कोकिळेच्या स्वराचे कवितेत कौतुक होते, ती तर आपली अंडी कावळ्याच्याच घरट्यात घालते. तिची पिले वाढविण्याचे श्रम ज्याच्या वाट्याला येतात, त्यालाच पाठ्यपुस्तकाबाहेरच्या म्हणीत दूषणे मिळतात. हे वास्तव मुलांना सांगितल्याने कथा मोडत नाही. उलट कथेतील न्याय आणि निसर्गातील व्यवहार यांतील अंतर त्यांना दिसू लागते.

लातूर जिल्ह्याच्या संदर्भात या घराच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती व माळवदे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर अनेक गावे नव्या जागी, नव्या बांधणीने उभी राहिली. जुन्या घरांचे गुणगान करताना ही किंमत विसरता येत नाही. परंतु सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत आणि सपाट छताखाली चिमणीला हवी असलेली फट राहत नाही, हेही तितकेच खरे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन साजरा होऊ लागला. त्या दिवशी शाळेत चिऊताईची गाणी होतात. गाण्यानंतर शाळेच्या भिंतीला एक लाकडी घरटे टांगले जाते का, आणि पिलांना लागणाऱ्या अळ्या-किड्यांसाठी आवारातील देशी झुडपे राखली जातात का, हा खरा प्रश्न आहे.

विज्ञानाच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या कथा

पूज्यभावनेचे समर्थन करताना अलीकडे एक नवीनच कथा प्रचलित झाली आहे. वड-पिंपळाचे बी केवळ कावळ्याच्या पोटातून गेल्यावरच रुजते, कावळीण भाद्रपदात अंडी घालते, म्हणून तिच्या पिलांच्या पोषणासाठी ऋषींनी पितृपक्ष योजला, असे तिचे स्वरूप आहे. भ्रमणध्वनीवरील संदेशांतून ती फिरते, शालेय भाषणांतून ऐकू येते आणि काही वेळा 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या शीर्षकाखालीही छापली जाते.

ही कथा तपासाला टिकत नाही. वड, पिंपळ व उंबर यांची फळे मैना, बुलबुल, तांबट, हरियाल आणि वटवाघळे अशा अनेकांचे अन्न आहे आणि बियांचा प्रसार हे सारेच करतात. कावळा त्यांपैकी एक आहे. हरियाल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी असूनही या कथेत त्याला स्थान नाही. कावळ्याच्या विणीचा काळ आपल्याकडे मुख्यतः उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन पावसाळ्याच्या पूर्वार्धापर्यंत असतो. भाद्रपद वद्य पक्ष उजाडेपर्यंत बहुतेक पिले घरट्याबाहेर पडलेली असतात.

परंपरेला असत्य विज्ञानाचा टेकू देण्याने दुहेरी हानी होते. मूल पुढे खरे वाचते तेव्हा त्याचा परंपरेवरचा विश्वास उडतो, आणि तोपर्यंत निरीक्षण न करताच निष्कर्ष स्वीकारण्याची सवय त्याला जडलेली असते. श्राद्धातील कावळा हा स्मृतीचा व शोकाचा विषय आहे. त्याला परिसंस्थेच्या नावाखाली वेगळे समर्थन शोधण्याची गरज नाही.

पूज्यतेमुळे होणारा घात

पूज्यता नेहमी रक्षणच करते असेही नाही. नीलपंख, म्हणजेच चाष किंवा तास, हा पक्षी याचे उदाहरण आहे. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणाचा आणि लातूरला लागून असलेल्या कर्नाटकाचा तो राज्यपक्षी आहे. तेलंगणात त्याला 'पालपिट्टा' म्हणतात व दसऱ्याला त्याचे दर्शन घेण्याची प्रथा आहे. या दर्शनाला मागणी आली तसे पक्षी पकडणारेही आले. पंख बांधून, पिंजऱ्यात कोंडून पैशाच्या मोबदल्यात दर्शन घडविण्याचे प्रकार देशाच्या अनेक भागांत उघडकीस आले आहेत. मोकळ्या शेतात तारेवर बसून टोळ-किडे टिपणारा हा शेतकऱ्याचा मित्र भाविकतेपायीच जायबंदी होतो.

गिधाडाची कथा याहून विदारक आहे. जटायूची गोष्ट ठाऊक नाही असे मूल मराठी घरात क्वचितच सापडेल. पण त्याच जटायूचे वंशज १९९० च्या दशकापासून झपाट्याने नाहीसे होत गेले, तेव्हा समाजाच्या लक्षातही आले नाही. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते व त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून निश्चित झाले. भारतात २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली होती. जटायूला नमस्कार करणारा समाज आणि आपल्या गाईबैलांवर प्रेमाने उपचार करणारा समाज एकच होता. त्याच्या भक्तीत उणेपणा नव्हता, उणीव होती ती माहितीची.

माळढोकाच्या वाट्याला तर पूज्यताही आली नाही. ना तो कोणा देवतेचे वाहन, ना अंगाईतला सोबती. त्याच्या नावातच त्याचे घर आहे. परंतु महसुली भाषेत तो माळ 'पडीक' ठरतो आणि पडीक जमीन वाचविण्यासाठी कोणी उभे राहत नाही. सोलापूर-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) भागात १९७९ साली सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य घोषित झाले. पुढे त्याचे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले आणि महाराष्ट्रात हा पक्षी आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. संवर्धनाचे शिक्षण केवळ पूज्य पक्ष्यांच्या आधारे द्यायचे ठरविले, तर माळढोकासारख्या पक्ष्यांना त्यात जागाच उरत नाही.

याकूत लोकांचा पांढरा क्रौंच : एक तुलना

पूज्यतेची शक्ती व मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच उदाहरणात पाहायच्या असतील, तर ईशान्य सायबेरियातील याकूत (साखा) लोकांकडे वळावे लागते. त्यांच्या संस्कृतीत सायबेरियन क्रौंच पवित्र मानला जातो. त्याला ते 'कितालिक' म्हणतात. त्याची हत्या निषिद्ध आहे आणि त्याचे नृत्य दिसणे हे भाग्याचे लक्षण समजले जाते. 'ओलोंखो' या त्यांच्या मौखिक महाकाव्यांत स्त्री-शामन पांढऱ्या क्रौंचाचे रूप घेतात. या महाकाव्यपरंपरेला युनेस्कोने २००५ साली मानवजातीच्या मौखिक वारशाचा दर्जा दिला. या पक्ष्याच्या नावाने तेथे २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यानही स्थापन झाले. लोकश्रद्धेने राखलेली भूमी पुढे कायद्यानेही राखली जावी, हे या उदाहरणाचे मोठे यश आहे.

परंतु पक्षी श्रद्धेच्या सीमेत राहत नाही. याकूत प्रदेशात वीण करणारे क्रौंच हिवाळ्यात हजारो किलोमीटर दूर चीनमधील पोयांग सरोवरावर उतरतात. तेथील पाणी आटले वा अडले तर उत्तरेतील पावित्र्य त्यांना वाचवू शकत नाही. याच जातीचा, पश्चिम सायबेरियातून येणारा दुसरा थवा राजस्थानातील भरतपूरला येत असे. त्याची संख्या घटत गेली आणि २००२ नंतर तेथे हा पक्षी दिसलेला नाही. एका टोकाची पूज्यता दुसऱ्या टोकाच्या पाणथळीची काळजी घेऊ शकत नाही. मुलांना क्रौंचाचे पावित्र्य सांगताना त्याच्या प्रवासाचा नकाशाही समोर ठेवावा लागतो, तो याचसाठी.

कोणाचा पक्षी पूज्य?

नांदेड-लातूरच्या वर्गात आणखी एक प्रश्न अपरिहार्यपणे येतो. येथील एकाच बाकावर वेगवेगळ्या धर्मांची व जातींची मुले बसतात. पिंडाला शिवणारा कावळा त्या सर्वांचा नाही. परंतु थोडे खोदले असता प्रत्येक घरात एक पक्षी सापडतो. नांदेडचा तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शीख धर्मीयांचे पवित्र स्थान आहे. १७०८ साली गुरू गोबिंदसिंहजींनी येथेच देह ठेवला. त्यांच्या प्रतिमेत हातावर बाज असतो. बौद्ध घरातील मुलाला सिद्धार्थ आणि बाणाने जखमी झालेल्या हंसाची गोष्ट माहीत असते : पक्षी मारणाऱ्याचा की वाचविणाऱ्याचा, हा तिच्यातील वाद आजच्या कोणत्याही संवर्धनविषयक धड्याहून अधिक नेमका आहे. मुस्लिम घरात हजरत सुलेमानांकडे वार्ता आणणारा हुदहुद ठाऊक असतो आणि तो तुरेवाला पक्षी मराठवाड्याच्या शेताच्या बांधावर आजही दिसतो.

याउलट पारधी समाजातील मुलाकडे पक्ष्यांचे जे ज्ञान असते, त्याला वर्गात स्थान मिळत नाही. तित्तिर कोणत्या झुडपात निजतो, लाव्याची अंडी केव्हा असतात, कोणता आवाज भीतीचा आणि कोणता जोडीदाराला बोलावण्याचा, हे त्याच्या आजोबांना जितके कळते तितके क्वचितच कोणाला कळत असेल. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. पुढे पारधीही त्यात ओढले गेले. १९५२ मध्ये कायद्याने तो शिक्का पुसला, समाजमनातून मात्र तो पूर्णपणे पुसला गेलेला नाही. विधीतील पक्षिज्ञानाला 'संस्कृती' म्हणायचे आणि उपजीविकेतील पक्षिज्ञानाला 'गुन्हा' म्हणायचे, हा भेद संवर्धनशिक्षणाने तरी करू नये. शिकारीचे समर्थन न करताही त्या ज्ञानाचा आदर करता येतो. ते ज्ञान निरीक्षणाकडे वळविल्यास त्या मुलाला वर्गात प्रथमच जाणकाराचा मान मिळेल.

शिक्षणातील उपयोजन

मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचे लेखन या संदर्भात मार्गदर्शक ठरते. वनखात्यातील प्रदीर्घ सेवेत त्यांनी आदिवासी, धीवर व गुराखी यांच्याकडील पक्षिनामे आणि समजुती गोळा केल्या. 'पक्षिकोश' हे त्या संचिताचे फळ होय. लोकज्ञानाला त्यांनी मराठी साहित्यात प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या लेखनात लोकसमजूत आणि पडताळलेले निरीक्षण यांच्यातील रेषा मात्र अनेकदा पुसट होते, हेही नमूद करणे आवश्यक आहे. कावळ्याच्या घरट्याची दिशा व उंची यांवरून पावसाचे अनुमान बांधण्याची समजूत त्यांच्यामुळे सर्वदूर पोहोचली. वाचक ती सिद्ध सत्य म्हणून स्वीकारतो.

शाळेने येथूनच पुढचे पाऊल उचलावे. वैशाख-ज्येष्ठात गावातील कावळ्यांची घरटी मुलांनी मोजावीत. झाड कोणते, दिशा कोणती, उंची अंदाजे किती हे वहीत लिहावे. पावसाळा संपल्यावर महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरील नोंदी शेजारी मांडाव्यात. पाच-सात वर्षे ही नोंद चालू राहिली तर समजूत खरी की खोटी हे मुलांनाच ठरविता येईल. उत्तर काहीही आले तरी मुलांनी कावळा पाहिला असेल, झाड पाहिले असेल आणि पाऊस मोजला असेल. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पाऊस मोजायला शिकणे हे स्वतंत्र मोलाचे शिक्षण आहे.

या मार्गातील मुख्य अडथळा परीक्षापद्धतीचा आहे. गुणवत्ता यादीच्या स्पर्धेत 'लातूर पॅटर्न'ने मिळविलेले यश सर्वज्ञात आहे. परंतु ज्याचे गुण प्रवेशाला उपयोगी पडत नाहीत, तो विषय अशा वातावरणात कडेला सरकतो. पर्यावरणाची प्रकल्पवही छापील चित्रे चिकटवून एका रात्रीत पूर्ण होते. तिच्यात मोर असतो, हरियाल असतो, क्वचित सायबेरियन क्रौंचही असतो. शाळेच्या मागील बाभळीवरचे घरटे मात्र नसते.

निष्कर्ष

१. मराठी लोकपरंपरेतील पूज्य पक्षी मुलांच्या मनात आस्था निर्माण करण्यास समर्थ आहेत. परंतु ही आस्था पक्ष्याचे अन्न, घरटे व अधिवास यांच्या ज्ञानाशी जोडली गेली नाही तर ती विधीपुरती व प्रतीकापुरती मर्यादित राहते. कावळा व गिधाड यांच्या उदाहरणांवरून हे स्पष्ट होते.
२. पूज्यता काही वेळा पक्ष्याच्या हानीसही कारणीभूत ठरते, आणि माळढोकासारखे अपूज्य पक्षी तिच्या कक्षेबाहेरच राहतात.
३. परंपरेच्या समर्थनासाठी अप्रमाणित 'विज्ञान' शिकविणे हे परंपरा व विज्ञान या दोहोंनाही मारक आहे.
४. बहुधर्मीय वर्गात एकाच समाजाचा पूज्य पक्षी केंद्रस्थानी न ठेवता प्रत्येक मुलाच्या घरातील पक्षिकथेला, तसेच पारधी समाजाच्या अनुभवजन्य ज्ञानाला स्थान द्यावे.
५. लोकसमजुती पाठ करून घेण्यापेक्षा त्या पडताळून पाहण्याचे दीर्घकालीन उपक्रम शाळांनी हाती घ्यावेत.

पूर्वजांनी पक्ष्यांना नावे, गोष्टी आणि पानावरचा घास दिला. त्या काळी माळ, पाणथळ आणि वळचण ही पक्ष्यांची घरे वेगळी राखावी लागत नव्हती, ती होतीच. आज ती राखावी लागतात. पितरांच्या नावाने ठेवलेला घास उचलण्यासाठी कावळा यायला हवा असेल, तर त्याच्या घरट्याचे झाड गावात उभे राहिले पाहिजे, एवढी साधी गोष्ट मुलांपर्यंत पोहोचविणे हे या शिक्षणाचे खरे कार्य होय.